ऑर्गन खरंच उंदरांनी कुरतडला होता का? नाताळबद्दलचे तुमचे प्रश्न

डिसेंबरच्या अंकासाठी नाताळवर प्रश्न पाठवा म्हटलं आणि तुम्ही ढीगभर पाठवलेत, मनापासून थँक्यू. सिनेमे, गाणी, भुतंखेतं, सांताचे कपडे, काही म्हणजे काही सोडलं नाहीत. वाचताना जाणवलं की बहुतेक प्रश्न "असं ऐकलंय, खरं आहे का" याच प्रकारचे आहेत. तर माझं मत आधीच सांगून टाकते, फॉरवर्डमधून फिरणारी गोड गोष्ट बऱ्याचदा खोटी निघते पण खरी गोष्ट तिच्यापेक्षा भारी असते. आणि आज नाताळचं म्हणून जे काही आपण बघतो-ऐकतो त्यातलं कितीतरी मुळात नाताळचं नव्हतंच, कुठलं नवीन वर्षाचं, कुठलं ईस्टरच्या आसपासचं, कुठलं चक्क दुकानाच्या जाहिरातीचं, आणि तरी ते सगळं तिथे येऊन छान रुळलंय. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

प्रश्न: ताई, सायलेंट नाइट हे गाणं म्हणे चर्चचा ऑर्गन उंदरांनी कुरतडला म्हणून ऐनवेळी गिटारवर बसवलं. खरं आहे का हे?

उत्तर: गिटार खरी, ऐनवेळी पण खरं, उंदीर मात्र नंतर कुणीतरी आणून सोडलेत. झालं असं की ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ साल्झाख नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचं गाव आहे, तिथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये योझेफ मोर नावाचा तरुण पाद्री होता. त्यानं २४ डिसेंबर १८१८ ला स्वतःची एक कविता फ्रान्झ झेवर ग्रुबरच्या हातात ठेवली आणि सांगितलं की याला दोन आवाज आणि गिटार अशी चाल लावून द्या. ग्रुबर शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावात शाळामास्तर होता आणि या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्यानं त्याच दिवशी चाल लावली आणि त्याच रात्री दोघांनी मिळून गायली पण, गिटार मोरच्या हातात. हे सगळं ग्रुबरनं स्वतः १८५४ मध्ये लिहून ठेवलंय आणि त्यात उंदीर नाहीत, ऑर्गन बंद पडल्याचाही उल्लेख नाही.

आता छत्तीस वर्षांनी त्याला हे लिहायची वेळ का आली ते बघा. तोपर्यंत गाणं एवढं पसरलं होतं की लोकांना वाटायला लागलं हे कुणातरी मोठ्या संगीतकाराचं असणार, हेडनचं वगैरे, आणि बर्लिनच्या दरबारी वाद्यवृंदाकडून चौकशी आली की हे नक्की कुणाचं. मोर तर १८४८ मध्येच वारला होता, मग ग्रुबरनं ३० डिसेंबरला बसून सगळी हकीकत लिहून पाठवली. तरी वाद चालूच राहिला आणि तो पूर्ण मिटला थेट १९९५ मध्ये, जेव्हा मोरच्या हातची प्रत सापडली आणि तिच्यावर कविता आपली आणि चाल ग्रुबरची असं मोरनंच लिहून ठेवलेलं होतं. कविता १८१६ ची हेही त्यातूनच कळलं. म्हणजे नेपोलियनच्या लढाया नुकत्याच संपलेल्या, आणि नदीवर नवी सीमा आखल्यामुळे ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात आणि पलीकडचं लाउफेन बव्हेरियात गेलेलं, तो काळ. मूळ कवितेत सहा कडवी आहेत, आपण ऐकतो ती साधारण तीनच, आणि जी सहसा गायली जात नाहीत त्यातल्या एका कडव्यात जगातल्या सगळ्या लोकांना भावासारखं जवळ घेण्याची गोष्ट आहे. माझं तर म्हणणं आहे की ते कडवं गायलाच हवं.

पसरलं कसं, तर झिलरटाल खोऱ्यातला कार्ल माउराखर नावाचा ऑर्गन बनवणारा कामासाठी ओबर्नडॉर्फला यायचा, तो हे गाणं आपल्या खोऱ्यात घेऊन गेला आणि तिथल्या रायनर आणि श्ट्रासर या गाणाऱ्या घराण्यांनी ते गावोगाव नेलं, रायनर मंडळींनी तर १८३९ मध्ये न्यूयॉर्कपर्यंत. आणि एक, आज आपण ते अंगाईसारखं अगदी संथ गातो पण जुन्या प्रतीत चाल थोडी झुलती, नाचरी आहे. यूट्यूबवर गिटारवालं जुन्या पद्धतीचं शोधून ऐका, वेगळंच गाणं वाटतं.

प्रश्न: जिंगल बेल्समध्ये ख्रिसमस हा शब्दच नाही हे आत्ता लक्षात आलं! मग ते आहे कशाचं गाणं?

उत्तर: बर्फातल्या घोडागाडीच्या रेसचं आणि पोरीला फिरायला नेण्याचं. पुढची कडवी ऐकलीत तर त्यात गाडी बर्फाच्या ढिगात जाऊन उलटते आणि शेवटी चांगला पळणारा घोडा घे आणि पोरींना घेऊन फिर असा सल्ला आहे, ना येशू ना सांता. जेम्स लॉर्ड पिअरपॉन्टनं ते लिहिलं, १८५७ मध्ये बॉस्टनमध्ये छापलं तेव्हा नाव होतं वन हॉर्स ओपन स्ले, दोन वर्षांनी परत छापताना जिंगल बेल्स झालं. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणासाठी लिहिलं ही गोष्ट फार फिरते पण तिला कागदोपत्री आधार नाही. कागदावर जे आहे ते एवढंच गोड नाही. ते पहिल्यांदा सादर झालं सप्टेंबर १८५७ मध्ये बॉस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये, आणि तो मिन्स्ट्रेल शो होता, म्हणजे गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करायचे त्यातला. हे माहीत असलेलं बरं, लपवण्यात काही अर्थ नाही.

घंटा का असायच्या हे पण सांगते, बर्फावरून घसरत येणाऱ्या गाडीचा आवाजच होत नाही, त्यामुळे समोरच्याला कळावं म्हणून घोड्याच्या पट्ट्याला घंटा. आणि अवकाशात वाजलेलं पहिलं संगीत हेच आहे! १६ डिसेंबर १९६५ ला जेमिनी ६ यानातल्या वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी जमिनीवरच्या लोकांना एकदम गंभीर आवाजात कळवलं की उत्तरेकडून दक्षिणेकडे एक अनोळखी वस्तू जाताना दिसतेय, आणि मग गुपचूप वर नेलेला माउथ ऑर्गन आणि छोट्या घंटा काढून जिंगल बेल्स वाजवलं.

प्रश्न: सांताचा लाल ड्रेस कोका-कोलानं दिला ना? आमच्या ग्रुपवर यावरून जोरदार भांडण झालंय, निकाल तुम्हीच द्या.

उत्तर: निकाल असा की नाही दिला, पण ज्यांनी "हो" म्हटलं त्यांचं अगदीच चूक नाही. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉमनं सांता काढायला घेतला १९३१ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच पक नावाच्या अमेरिकन मासिकाच्या कव्हरवर लाल कपड्यातला सांता आहे, आणि व्हाइट रॉक नावाच्या दुसऱ्या पेय कंपनीनं तर १९२३ मध्ये रंगीत जाहिरातीत सांता वापरला होता, म्हणजे कोल्ड्रिंक विकणारा सांता सुद्धा आधीचाच. संडब्लॉमनं काय केलं तर त्याला माणूस केलं. गोबरे लाल गाल, हसणारे डोळे, कुणाच्याही घरचे आजोबा वाटावेत असा, आणि १९६४ पर्यंत दरवर्षी तोच चेहरा सगळीकडे. सुरुवातीला मॉडेल म्हणून एक रिटायर झालेला सेल्समन मित्र होता, तो गेल्यावर संडब्लॉम आरशात बघून स्वतःवरूनच काढायचा.

त्याच्याआधीचा सांता बघाल तर ओळखणार नाही. १८२३ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या पेपरात एक निनावी कविता छापून आली, आठ रेनडिअर आणि धुराड्यातून उतरणं हे चित्र जगभर झालं ते तिच्यामुळे, पण त्यात सांता छोटासा बुटका आहे, त्याची गाडी पण इवलीशी. मग अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, जानेवारी १८६३ मध्ये, थॉमस नास्टनं हार्पर्स वीकलीत काढला तो सांता अमेरिकन झेंड्याचे तारे आणि पट्टे घालून सैनिकांना भेटी वाटतोय. आणि अगदी मागे गेलं तर चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, हे मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं अडलेल्या तीन बहिणींच्या घरी त्यानं रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी त्याची कथा आहे, रात्री न दिसता भेट ठेवून जाणं तिथूनच आलं.

प्रश्न: माझी मुलगी विचारते, रुडॉल्फ मुलगा आहे की मुलगी?

उत्तर: रुडॉल्फ म्हणजे सांताची गाडी ओढणारा लाल नाकाचा रेनडिअर. गोष्टीत मुलगा, पण शिंगांवरून बघितलं तर मुलगी, तुमच्या लेकीला सांगा. रेनडिअर ही हरणांमधली एकमेव जात आहे जिच्यात माद्यांनाही शिंगं येतात. मोठ्या नरांची शिंगं जोडीच्या हंगामानंतर, साधारण डिसेंबर उजाडेपर्यंत गळून जातात आणि माद्यांची राहतात थेट वसंतापर्यंत, कारण पोटात पिल्लू असताना बर्फ उकरून काढलेलं खाणं दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून त्यांना ती लागतात. म्हणजे २४ डिसेंबरच्या रात्री डोक्यावर भरघोस शिंगं घेऊन गाडी ओढणारी टीम बहुतेक बायकांचीच. (खच्ची केलेल्या नरांची पण शिंगं टिकतात, पण हे मुलीला इतक्यात सांगायची गरज नाही.) लाल नाकाचं पण काहीतरी आहे बरं का, रेनडिअरच्या नाकात बारीक रक्तवाहिन्यांची दाटी माणसापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त असते असं २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं, आणि त्यामुळे थंडीत नाक गोठत नाही.

रुडॉल्फ स्वतः मात्र जुन्या लोककथेतला अजिबात नाही. तो १९३९ चा, शिकागोच्या माँटगोमरी वॉर्ड या दुकानासाठी तिथेच जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मेनं तयार केला, गिऱ्हाइकांच्या पोरांना फुकट वाटायच्या पुस्तकासाठी. नाव आधी रोलो, रेजिनाल्ड असलं काहीतरी ठेवायचा विचार होता. त्याच वर्षी जुलैत मेची बायको कॅन्सरनं गेली, ऑफिसनं म्हटलं राहू दे, दुसऱ्याला देतो, पण त्यानं काम सोडलं नाही आणि लिहून झाल्यावर आधी आपल्या छोट्या मुलीला वाचून दाखवलं. पहिल्याच वर्षी जवळजवळ २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. १९४७ मध्ये कंपनीनं हक्क त्याला देऊन टाकले, जे कोणतीही कंपनी सहसा करत नाही, आणि १९४९ मध्ये त्याच्याच मेहुण्यानं म्हणजे जॉनी मार्क्सनं गाणं केलं. जीन ऑट्रीनं गायलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्न: आइसलँडमध्ये नवीन कपडे न घेतलेल्यांना खाणारं मांजर असतं म्हणतात, हे कुणी बनवून सांगतंय का?

उत्तर: नाही नाही, हे खरोखरच तिथल्या लोककथेत आहे, आणि एकटं मांजर नाही, अख्खं कुटुंब आहे. डोंगरात ग्रिला नावाची राक्षसीण राहते, उनाड पोरांना पकडून मोठ्या पातेल्यात शिजवते, तिचा नवरा लेपालुडी हा नुसता आळशी, घराबाहेरही पडत नाही. त्यांचे तेरा मुलगे. ग्रिलाचं नाव तर १३ व्या शतकातल्या लिखाणात सापडतं, नाताळशी तिचा संबंध जुळला तो मात्र बराच नंतर. हे तेरा जण १२ डिसेंबरपासून रोज एक असे डोंगरातून खाली येतात, नाताळपर्यंत सगळे गोळा, आणि मग त्याच क्रमानं रोज एक परत जातो ते ६ जानेवारीपर्यंत. प्रत्येकाची खोडी ठरलेली. एक चमचे चाटतो, एक पातेल्याच्या तळाची खरवड खातो, एक रात्री धाडधाड दारं आपटतो, एक खिडकीतून डोकावतो, एक लांब नाकानं दाराच्या फटीतून वास घेतो, एक मेणबत्त्या पळवतो. मला हे वाचताना सारखं वाटतं की या भुतांच्या खोड्या म्हणजे कडाक्याच्या हिवाळ्यात अर्धपोटी असलेल्या घरातली भीती आहे. काय संपेल, काय चोरीला जाईल, तर चरबी, मांस, दही, उजेड. मेणबत्ती तेव्हा जनावरांच्या चरबीची असायची, म्हणजे ती खाता पण यायची, हे लक्षात घेतलं की तेरावा भाऊ एकदम कळतो.

आधी त्यांची नावं आणि संख्या गावागावात वेगळी होती, आजची तेरा पक्की झाली ती योहानेस उर कोटलुम या कवीच्या १९३२ च्या कवितेमुळे. त्याच कवीनं मांजरावर पण कविता लिहिली. नाताळच्या आधी ज्याला एखादा तरी नवा कपडा मिळाला नाही त्याला ते मांजर खातं, आणि याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की वर्षाची लोकर नाताळपर्यंत कातून विणून संपवायची असायची, काम केलं त्याला नवा कपडा, टाळलं त्याला मांजर. पोरांना या भुतांची भीती घालणं इतकं वाढलं होतं की १७४६ मध्ये ते करू नये असा सरकारी हुकूमच निघाला. आता ते भाऊ बरेच मवाळ झालेत, पोरं खिडकीत बूट ठेवतात आणि त्यात रोज छोटी भेट मिळते, वाईट वागलं तर बटाटा. मांजराचा मोठा लाइटवाला पुतळा रेक्याविकच्या चौकात डिसेंबरमध्ये उभा असतो.

प्रश्न: जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांत बर्फ कशाचा करायचे? खरा तर वाटत नाही.

उत्तर: खूप सिनेमांत कॉर्नफ्लेक्सचा! पांढरा रंग मारलेले कॉर्नफ्लेक्स वरून सोडायचे. दिसायला ठीक पण पायाखाली असे करकर वाजायचे की डायलॉग ऐकूच यायचे नाहीत, सगळं नंतर डब करावं लागायचं. फ्रँक काप्राला १९४६ मध्ये इट्स अ वंडरफुल लाइफ करताना हे नको होतं, त्याला सीनमधलेच आवाज हवे होते. मग आरकेओ स्टुडिओच्या रसेल शिअरमन आणि त्याच्या टीमनं आग विझवायचा फेस घेतला, त्यात साबण आणि पाणी मिसळलं आणि मोठ्या पंख्यासमोरून जोरात सोडलं. हा बर्फ आवाज न करता पडतो, अंगावर बसतो, जमिनीवर साचतो आणि पावलं पण उमटतात. यासाठी अकॅडमीनं त्यांना टेक्निकल पुरस्कार दिला. शूटिंग कधी चाललं होतं तर एप्रिल ते जुलै, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात. पुलावरच्या सीनमध्ये जेम्स स्टुअर्ट कोट घालून थंडीनं काकडल्यासारखा दिसतो ना, नीट बघा, कपाळावर घाम आहे. ते कळल्यावर मला तो सीन जास्तच आवडायला लागला, कारण इतक्या उकाड्यात त्यानं तो गारठलेला हताश माणूस खरा वाटायला लावलाय.

आणि हा सिनेमा रिलीज झाला तेव्हा फार चालला नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नाताळचा हक्काचा सिनेमा तो झाला एका कागदपत्राच्या चुकीमुळे. १९७४ मध्ये कॉपीराइट रिन्यू करायचा राहून गेला, मग अमेरिकेतल्या टीव्ही चॅनलना तो फुकट दाखवता यायला लागला, आणि दर डिसेंबरला इतका दाखवला गेला की लोकांच्या घरातलाच झाला. कथेचा उगम पण तसाच हृदयाला भिडणारा आहे. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्नची ही कथा कुणी छापेना, म्हणून त्यानं १९४३ मध्ये स्वतःच छोटी पुस्तिका छापली आणि ओळखीच्या लोकांना नाताळचं कार्ड म्हणून पाठवून दिली, त्यातूनच ती हॉलिवूडपर्यंत पोचली.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर, शेकोटीवर चेस्टनट भाजण्याचं ते द ख्रिसमस साँग आणि लेट इट स्नो ही दोन्ही गाणी जुलै १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात कडक उकाड्यात लिहिली गेली. पहिल्याच्या ओळी तर बॉब वेल्सनं स्वतःला जरा गार वाटावं म्हणून वहीत खरडल्या होत्या आणि मग मेल टॉर्मेनं बसून ते गाणं पूर्ण केलं.

प्रश्न: व्हाइट ख्रिसमस ऐकलं की मला रडूच येतं. सणाचं गाणं इतकं उदास का?

उत्तर: कारण ते घरापासून लांब असलेल्या माणसाचं गाणं आहे. सुरुवातीचं एक कडवं सहसा गात नाहीत, त्यात गाणारा लॉस एंजेलिसमध्ये ऊन आणि पामची झाडं बघत बसलाय आणि म्हणून त्याला बर्फ आठवतोय. लिहिलं आयर्विंग बर्लिननं, जो रशियन साम्राज्यातून लहानपणी आलेला ज्यू, नाताळ त्याचा सणच नव्हता, आणि त्याचं तान्हं बाळ १९२८ मध्ये बरोबर २५ डिसेंबरला गेलं होतं. गाण्यात याचा एक शब्द नाही पण मला ते ऐकताना आठवल्याशिवाय राहत नाही. बिंग क्रॉस्बीनं ते रेडिओवर पहिल्यांदा गायलं १९४१ च्या नाताळला, जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर तीनच आठवड्यांत, आणि पुढची वर्षं परदेशात लढणारे सैनिक ते सारखं मागून घ्यायचे. इतक्या प्रती काढल्या की मूळ रेकॉर्डिंगची मास्टर प्रत झिजली आणि १९४७ मध्ये परत रेकॉर्ड करावं लागलं, आज बहुतेक वेळा ऐकू येतं ते हेच दुसरं. आणि १९७५ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाममधल्या सायगावमधून अमेरिकन लोकांनी निघायची वेळ झाली याची खूण म्हणून सैन्याच्या रेडिओवर हेच गाणं लावलं होतं.

प्रश्न: डाय हार्ड ख्रिसमस मूव्ही आहे का? हो किंवा नाही.

उत्तर: हो. जुलै १९८८ मध्ये रिलीज झाला म्हणून नाही म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा की मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट पण १९४७ मध्ये मे महिन्यात रिलीज झाला होता आणि त्यात तर सांताच हिरो आहे.

प्रश्न: होम अलोनमधला तो जुना गँगस्टर सिनेमा कुठे बघायला मिळेल? आणि त्यात चर्चमध्ये जे घंटांचं गाणं आहे ते कुठलं?

उत्तर: कुठेच नाही मिळणार, कारण तो सिनेमाच अस्तित्वात नाही! एंजल्स विथ फिल्दी सोल्स हे फक्त होम अलोनसाठी, म्हणजे १९९० मध्ये, मुद्दाम जुन्या पद्धतीनं शूट केलेले सीन आहेत, १९३८ च्या एंजल्स विथ डर्टी फेसेसच्या नावावरून बेतलेले. घराचं बाहेरून दिसणारं रूप खरं, शिकागोजवळच्या विनेटकामधलं, पण आतलं बरंचसं एका बंद पडलेल्या हायस्कूलच्या जिममध्ये उभं केलं होतं आणि पाणी भरलेलं तळघर म्हणजे तिथलाच स्विमिंग पूल.

गाणं कॅरल ऑफ द बेल्स, आणि त्यावर थोडं थांबून सांगते कारण ते मला फार जवळचं आहे. ते मुळात युक्रेनचं श्चेद्रिक, त्यात घंटा नाहीत आणि नाताळही नाही. एक पाकोळी घरात उडत येते आणि घरधन्याला सांगते की बाहेर ये, बघ, कोकरं झालीत, येतं वर्ष भरभराटीचं जाणार, असं नवीन वर्षाच्या आदल्या संध्याकाळी दारोदार गायचं जुनं लोकगीत. मिकोला लेओन्तोविचनं त्यातल्या चार सुरांच्या तुकड्यावर अख्खं समूहगान रचलं, तोच तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहतो आणि बाकीचे आवाज त्याच्याभोवती चढत जातात. किव्हमध्ये १९१६ च्या डिसेंबरमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. पुढे युक्रेनला थोडा काळ स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपली ओळख जगाला व्हावी म्हणून तिथल्या सरकारनं एक गायकांचा चमू परदेशी पाठवला, त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हे गायलं. लेओन्तोविच ते बघायला नव्हता, जानेवारी १९२१ मध्ये आईवडिलांच्या घरी असताना रात्री मुक्कामाला राहिलेल्या सोव्हिएत गुप्त पोलिसानं त्याला गोळी घातली. इंग्लिश शब्द आणि घंटा आल्या त्या १९३६ मध्ये पीटर विल्हूस्कीच्या हातून, त्याला ते सूर घंटेसारखे वाटले म्हणून. एकदा युक्रेनियनमधलं ऐकाच, प्लीज.

प्रश्न: मिसलटोखाली किस करायची प्रथा नॉर्स देवांपासून आली का?

उत्तर: मिसलटो म्हणजे दुसऱ्या झाडांवर वाढणारं एक झुडूप. नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन कथेत ते आहे पण त्यात बाल्डर नावाचा देव त्याच झुडपाच्या फांदीनं मरतो. त्याच्या आईनं जगातल्या सगळ्या वस्तूंकडून वचन घेतलेलं असतं आणि हेच एक झुडूप फार कोवळं म्हणून सोडून दिलेलं असतं. नंतर तिनं खूश होऊन सगळ्यांना किस दिले वगैरे शेपूट मागाहून जोडलेलं आहे. किसची प्रथा इंग्लंडची, साधारण १८ व्या शतकातली, आणि नियम असा होता की एका किसमागे एक फळ तोडायचं, फळं संपली की खेळ संपला.

प्रश्न: क्रॉमवेलनं नाताळवर बंदी घातली होती हे शाळेत शिकल्याचं आठवतं, नीट सांगाल का?

उत्तर: इंग्लंडमध्ये बंदी होती, पण घातली पार्लमेंटनं, १६४७ मध्ये, आणि क्रॉमवेल देशाचा प्रमुख झाला १६५३ मध्ये. प्युरिटन म्हणजे कडक प्रोटेस्टंट लोकांचं म्हणणं होतं की बायबलमध्ये ही तारीख कुठे दिलेली नाही आणि सणाच्या नावाखाली दारू आणि दंगा चालतो. लोकांनी मुकाट्यानं ऐकलं नाही, त्याच डिसेंबरमध्ये कँटरबरीत दुकानं उघडी ठेवायच्या सक्तीवरून दंगल झाली. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा बंदी गेली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता. आणि स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ उजाडलं!

प्रश्न: नटक्रॅकरमध्ये तो काचेवर थेंब पडल्यासारखा आवाज कुठल्या वाद्याचा?

उत्तर: सेलेस्टा. दिसतं छोट्या पियानोसारखं पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या असतात. पॅरिसमध्ये १८८६ मध्ये ते निघालं, चायकोव्हस्कीनं तिथेच बघितलं आणि इतका खूश झाला की आपल्या प्रकाशकाला पत्र लिहून सांगितलं, हे मागवा पण कुणाला दाखवू नका, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्हला कळलं तर ते माझ्याआधी वापरतील. बॅले पहिल्यांदा झाला डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आणि समीक्षकांना तो फारसा आवडला नाही. दर नाताळला नटक्रॅकर हा रिवाज अमेरिकेतून आला, १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कला कोरिओग्राफर बालान्शीनचा. हँडेलच्या मसाया या समूहगानाच्या रचनेचं पण तसंच, ते डब्लिनमध्ये एप्रिल १७४२ मध्ये ईस्टरच्या आसपास झालं होतं, डिसेंबरला चिकटलं नंतर.

प्रश्न: रशियात नाताळ ७ जानेवारीला का?

उत्तर: तारीख तीच, २५ डिसेंबर, पण रशियन चर्चचं कॅलेंडर जुनं म्हणजे ज्युलियन, जे सध्या १३ दिवस मागे आहे. सध्या म्हणते कारण हा फरक वाढत जातो, १९ व्या शतकात १२ दिवस होता आणि २१०० नंतर १४ होईल, तेव्हा कॅलेंडर बदललं नाही तर त्यांचा नाताळ ८ जानेवारीला येईल. युक्रेननं २०२३ मध्ये सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली. बेथलेहेममध्ये तीन नाताळ होतात, २५ डिसेंबर, ७ जानेवारी आणि आर्मेनियन लोकांचा १९ जानेवारी.

प्रश्न: ताई, ऑफिसच्या क्विझसाठी एक असा प्रश्न द्या ना जो गूगल न करता सोडवता येईल पण पटकन येणार नाही.

उत्तर: घ्या. द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस या गाण्यात सगळ्यात जास्त संख्येनं मिळालेली भेट कुठली? सगळे ओरडतील बारा ढोलकीवाले, आणि चुकतील. हे गाणं इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास छापलेलं, मुळात तो पाठांतराचा खेळ होता, विसरला तो बाद. गंमत अशी की रोज नवीन भेट येते आणि त्याबरोबर आधीच्या सगळ्या परत येतात. म्हणजे झाडावरचा तितर रोज एक असा बारा दिवस, बारा तितर. ढोलकीवाले बारा पण फक्त शेवटच्या दिवशी, म्हणजे तेही बाराच. कवडे दोन दोन करून अकरा दिवस, बावीस. अशी गणितं करत मधे आलं की सहाव्या दिवसापासून अंडी घालणारे सहा कलहंस (गूस) सात दिवस येतात, ४२, आणि सातव्या दिवसापासून सात राजहंस (स्वान) सहा दिवस, ४२. दोन्ही बरोबरीत पहिले, त्यामुळे फक्त एकच नाव सांगणाऱ्याला अर्धाच मार्क द्या. टायब्रेकर हवा असेल तर एकूण भेटी विचारा, ३६४ होतात, त्यातले १८४ नुसते पक्षी, १४० माणसं आणि ४० सोन्याच्या अंगठ्या. आणि कुणी म्हणालं की हे गाणं म्हणजे छळ होत असलेल्या कॅथलिक लोकांचा गुप्त धर्मपाठ होता, तर त्याला मार्क देऊ नका, ती गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि तिला काहीही पुरावा नाही.